दुष्काळ कशाला म्हणायचे?

वऱ्हाडातल्या एखाद्या गावात यंदा दुष्काळ आहे की नाही, हे ठरवणाऱ्या यंत्रणा एकाहून जास्त आहेत आणि त्यांची उत्तरे जुळतीलच असे नाही. हवामान खाते पावसाची तूट मोजते. महसूल खाते पिकाची पैसेवारी काढते. पीक विमा महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न पाहतो, तर केंद्र सरकारची दुष्काळ व्यवस्थापन संहिता पावसापासून उपग्रहाच्या चित्रांपर्यंतचे निर्देशांक तालुक्याला लावते. दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातले एकच गाव एकाच खरिपात एका कागदावर दुष्काळी, दुसऱ्यावर 'दुष्काळसदृश' आणि तिसऱ्यावर ठीकठाक असू शकते. यात कोणी खोटे बोलत असतो असे नाही. प्रत्येकाने हा शब्द वेगळ्या कामाला जुंपलेला असतो, एवढेच.

अशा शब्दाची खरी पंचाईत होते ती ज्ञानकोशात. कोशाला एका शीर्षकाखाली एक व्याख्या द्यायची असते, आणि विकिपीडियासारख्या ऑनलाइन ज्ञानकोशात ती व्याख्या कोणीही बदलू शकतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे लेखामागे चर्चापान असते, वाद तिथे घालायचा असतो, आणि स्वतःचे मत न लिहिता विश्वासार्ह संदर्भ द्यायचा, असा नियम असतो. पण 'दुष्काळ' या शब्दापुढे हा नियम तोकडा पडतो. पाऊस सरासरीपेक्षा किती कमी झाला यावर व्याख्या बांधणाऱ्या संपादकाकडे हवामान खात्याचा संदर्भ असतो, पिकावर बांधणाऱ्याकडे शासन निर्णय असतो आणि अन्नान्नदशेवर बांधणाऱ्याकडे इतिहासाची पुस्तके असतात. संदर्भ सगळ्यांचेच पक्के असतात. भांडण खऱ्या-खोट्याचे नसून पहिल्या ओळीत कोणाचा अर्थ बसवायचा याचे असते.

त्यात मराठीची आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत पावसाच्या तुटीला 'ड्राउट' आणि उपासमारीला 'फॅमिन' असे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून लेखही दोन होतात. मराठीत अवर्षण हा शब्द आहे, पण तो पुस्तकातच जास्त. बोलण्यात पाऊस न पडणे, पीक जाणे, विहिरी आटणे आणि खायला न मिळणे या सगळ्याला दुष्काळच म्हणतात. विकिपीडियात वेगवेगळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडलेले असतात आणि साधारणपणे एका लेखाला दुसऱ्या भाषेतला एकच लेख जोडता येतो. तेव्हा मराठी 'दुष्काळ' कोणत्या इंग्रजी लेखाला जोडायचा, इथूनच मतभेद सुरू होऊ शकतो. यावरचा ठरलेला तोडगा म्हणजे निःसंदिग्धीकरणाचे पान, म्हणजे एका नावाचे वेगवेगळे अर्थ सांगून वाचकाला हव्या त्या लेखाकडे पाठवणारी यादी. छापील कोशात हा निवाडा संपादकाच्या टेबलावर होऊन जाई. अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले तेव्हा वाचकाच्या हाती निकालच पडत असे, त्यामागची वादावादी नव्हे.

शास्त्रज्ञांतही एकमत नाही. डोनाल्ड विल्हाइट आणि मायकेल ग्लांट्झ या अभ्यासकांनी १९८५ मध्ये दुष्काळाच्या दीडशेहून अधिक व्याख्या तपासल्या आणि त्यांचे चार गट पाडले: पावसाचा, शेतीचा, जलसाठ्यांचा आणि समाज-अर्थव्यवहाराचा दुष्काळ. आजही पाठ्यपुस्तके हीच वाटणी वापरतात. भारतीय हवामान खात्याच्या मोजमापात पावसाची तूट दीर्घकालीन सरासरीच्या २६ ते ५० टक्के असेल तर मध्यम आणि ५० टक्क्यांवर गेली तर तीव्र दुष्काळ धरला जातो. मात्र संपूर्ण देशाच्या मान्सूनचे वर्णन करताना याच खात्याने २०१६ पासून 'दुष्काळी वर्ष' हा शब्द सोडून 'तुटीचे वर्ष' म्हणायला सुरुवात केली. दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारचे काम आहे, हवामान खात्याने पावसापुरते बोलावे, ही भूमिका त्यामागे होती. तर्काला ती धरूनच आहे.

सरकारी व्याख्येचा उगम ब्रिटिश अमदानीतला. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत पाऊस हा फक्त इशारा होता. धान्याचे भाव चढणे, माणसे गाव सोडून फिरू लागणे, चोऱ्या वाढणे ही लक्षणे दिसली की 'कसोटीची कामे' काढायची, म्हणजे कष्टाचे काम आणि जेमतेम मजुरी. त्यावर किती माणसे येतात ते बघायचे. माणसे झुंडीने आली तर दुष्काळ, नाहीतर टंचाई. मोजण्याची ही पद्धत निर्दय होती, पण तिच्यात एक सरळपणा होता: मोजमाप माणसाच्या भुकेचे होते. काळ्या कपाशीच्या जमिनीमुळे वऱ्हाड त्या काळी तुलनेने सुरक्षित मुलूख समजला जाई. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तो समज मोडला.

स्वातंत्र्यानंतर शब्दच बदलला. महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा काढून टाकली आणि तिच्या जागी टंचाई या अर्थाची संज्ञा आणली. शेतीच्या स्थितीवर सरकारची सतत नजर असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे आता उपासमारीचा दुष्काळ पडायला वावच नाही, अशी कारणमीमांसा त्या कायद्यामागे होती. संज्ञेच्या वादाचा निकाल विधिमंडळाने लावल्याचे असे उदाहरण विरळाच. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. मजुरांसाठी काढलेली कामे सरकारदप्तरी टंचाई निवारणाची होती. लोकांनी त्यांना दुष्काळी कामेच म्हटले, आणि त्या वर्षाचे नावही 'बहात्तरचा दुष्काळ' असेच राहिले.

आता आणेवारी. मुळात ही महसुलाची मोजपट्टी आहे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, अर्धे म्हणजे आठ. किती आण्यांचे पीक आले यावर शेतसारा पूर्ण घ्यायचा, तहकूब करायचा की सोडायचा हे ठरे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचे मूळ याच आकड्यात होते. चार आणे किंवा त्याहून कमी पीक असेल तर सारा तहकूब करावा असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. गांधींनी उभारलेला तो लढा एका अर्थी मोजमापाचा वाद होता. सोळा आणे म्हणजे नेमके किती, हेही सगळीकडे एक नव्हते. काही प्रांतांत बारा आणे हे नेहमीचे पीक आणि सोळा आणे हे भरघोस पीक समजत. म्हणजे आठ आण्यांचा अर्थ एकीकडे निम्मे पीक, तर दुसरीकडे दोन-तृतीयांश. वऱ्हाड तर निजामाच्या मालकीचा, इंग्रजांच्या कारभाराचा, मग मध्य प्रांताला जोडलेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेला आणि १९६० पासून महाराष्ट्रातला. इथले महसुली कायदे वेगळ्या घराण्यातले होते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आल्यावर ते राज्याच्या एका चौकटीत आले.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. बोलण्यात दोन्ही शब्द चालतात. आज महाराष्ट्रात गावाची पैसेवारी ५० च्या आत आली की ते गाव सवलतींना पात्र समजले जाते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढील, गरजेप्रमाणे टँकर आणि पंपाची वीज न तोडणे, अशा या सवलती आहेत. त्यामुळे ४९ आणि ५१ या दोन आकड्यांत वऱ्हाडात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

हा आकडा येतो कसा? अमरावती आणि नागपूर विभागांत खरिपाची पैसेवारी तीनदा निघते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. नजरअंदाज म्हणजे नावाप्रमाणे बांधावरून पाहून बांधलेला. अंतिम पैसेवारी पीक कापणी प्रयोगावर उभी असते. निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन दोरी-खुंट्यांनी आखतात. जागा मनाने निवडायची नसते. आधीच काढलेल्या आकड्यांप्रमाणे बांधापासून पावले मोजत जावे लागते, म्हणजे चांगला किंवा वाईट तुकडा मुद्दाम धरल्याचा आरोप नको. सोयाबीनची सोंगणी करून तिथेच मळतात आणि दाणे काट्यावर तोलतात. कपाशीचे तसे होत नाही. पहिल्या वेच्यापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे पीक संपेपर्यंत, महिने जातात, म्हणून त्याच चौकोनात पुन्हा पुन्हा जाऊन प्रत्येक वेच्याचे वजन लिहावे लागते. तूरही सोयाबीनहून कितीतरी उशिरा हाती येते. वऱ्हाडची अंतिम पैसेवारी राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा का जाहीर होते, याचे उत्तर या पीकपद्धतीत आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच आणि गावातले शेतकरी या प्रक्रियेत असतात; आकड्यावर हरकत घेता येते.

पैसेवारीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि नजरअंदाजाबद्दल ती ठेवावीतच. तरी दुष्काळ मोजण्याच्या सगळ्या रीतींत गावाच्या शेतापर्यंत पाय नेणारी ही एकच जुनी रीत आहे. तिचा खरा दोष शेतात नाही, भागाकाराच्या छेदात आहे. यंदाचे उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न गुणिले शंभर, असे ते गणित. आणि प्रमाण उत्पन्न म्हणजे मागच्या काही वर्षांची सरासरी. समजा, गावचे सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि यंदा साडेपाच क्विंटल आले. पैसेवारी ४६ निघते. पण आधीची दोन-तीन वर्षे वाईट जाऊन प्रमाण १० वर घसरले असेल, तर त्याच साडेपाच क्विंटलची पैसेवारी ५५ होते आणि गाव यादीबाहेर पडते. सतत मार खाणाऱ्या गावाला या गणितात मार कमी लागल्यासारखा दिसतो.

शिवाय पैसेवारी उत्पन्न सांगते, कारण सांगत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. उत्पन्न बुडाले, पण ते पावसाने नव्हे. ज्याला दुष्काळ म्हणजे पावसाची तूट वाटते त्याच्या दृष्टीने हा दुष्काळ नव्हता. ज्याचा कापूस गेला त्याला हा फरक फारसा उपयोगाचा नव्हता.

व्याख्येचा वाद सर्वांत तापला तो २०१५-१६ मध्ये. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने नजरअंदाज पैसेवारीच्या आधारे १४,७०८ गावांची यादी काढली. विदर्भातली हजारो गावे त्यात नंतर, २०१६ मध्ये, आली. कागदावरचा शब्द दुष्काळ नव्हता, 'दुष्काळसदृश' होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे असे की सवलती त्याच आहेत, शब्दाने काय बिघडते. विरोधकांचे म्हणणे असे की काही बिघडत नसेल तर सरळ दुष्काळ म्हणा. अखेर मे २०१६ मध्ये 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असा आदेश सरकारने काढला आणि तो २९ हजारांहून अधिक गावांना लागू झाला. 'सदृश' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी कधी नव्हता. तो मंत्रालयात जन्मला आणि जबाबदारी अर्धीच पत्करण्याची सोय एवढाच त्याचा उपयोग होता.

त्याच महिन्यात, ११ मे २०१६ ला, सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना राज्ये दुष्काळ जाहीर करायला कचरतात यावर बोट ठेवले आणि केंद्राला दुष्काळाची जुनी नियमावली सुधारायला सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ती स्वीकारली. तिच्यात दोन ट्रिगर, म्हणजे कळी, आहेत. पहिली पावसाची: सरासरीशी तुलना, आणि मध्येच सलग तीन-चार आठवड्यांची उघाड. ही कळ दाबली गेली तर दुसरी पाहायची: पेरणीक्षेत्र, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणे आणि भूजल. त्यातून तालुका मध्यम की तीव्र हे ठरते आणि मग दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पिके पाहून शहानिशा होते. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मध्यम, ५० च्या वर असेल तर तीव्र. या पद्धतीने ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यात १५१ तालुके दुष्काळी ठरले.

इथे गाव मागे पडले आणि तालुका पुढे आला. विम्याचा हिशेब महसूल मंडळाचा, आणि त्याचे उंबरठा उत्पन्नही वेगळ्या रीतीने निघते: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन त्यांची सरासरी, तिला जोखीमस्तराने गुणायचे. म्हणजे गाव, मंडळ आणि तालुका ही तीन एकके, आणि 'नेहमीचे पीक' म्हणजे काय याची निरनिराळी उत्तरे. तालुक्याच्या एका टोकाला पाऊस झाला आणि दुसऱ्या टोकाला ढग नुसते फिरून गेले, तर तालुक्याची सरासरी कोरड्या टोकाला कामाची नसते. २०२३ मध्ये हे उघडच दिसले. संहितेप्रमाणे ४० तालुके दुष्काळी ठरले. त्यांत अमरावती विभागातले बुलढाणा आणि लोणार हे दोनच. ओरड झाली तेव्हा सरकारने राज्यातल्या आणखी १,०२१ महसूल मंडळांत पावसाच्या आकड्यांवरून सवलती दिल्या: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत पाऊस, हा निकष. आणि या मंडळांसाठी शब्द कोणता वापरला? 'दुष्काळसदृश'. सात वर्षांपूर्वी सरकारनेच खोडलेला शब्द परत आला, पण या वेळी निदान फरक खरा होता: संहितेत बसणाऱ्या दुष्काळालाच केंद्राची मदत मागता येते, सदृशाचा खर्च राज्याचा.

निर्देशांक सर्वत्र सारखे असले तरी मुलूख सारखा नसतो, याचे वऱ्हाडातले दोन दाखले पुरेसे बोलके आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव ही त्यातली नेहमी घेतली जाणारी नावे. इथल्या जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. पिकाला दिले तर चिकण काळी माती आणखी बिघडते, प्यायला ते चालत नाही. म्हणून अकोल्याकडची ८४ खेडी योजना किंवा शहानूर धरणावरून येणारे नळाचे पाणी यांवर गावे अवलंबून असतात. भूजलाचा निर्देशांक निरीक्षण विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजतो, त्याची चव मोजत नाही. खारपाणपट्ट्यात पातळी ठीक असूनही पाऊस हुकला की पीक गेलेच. दुसरा दाखला मेळघाटाचा. चिखलदऱ्याला मैदानातल्या तालुक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तो कातळाच्या उतारावरून वाहून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच डोंगरातल्या पाड्यांना टँकर लागतो. पावसाच्या व्याख्येत मेळघाट सुकाळी, पाण्याच्या व्याख्येत नाही.

राहिला ओला दुष्काळ. हा शब्द वर्तमानपत्रांत, सभांत आणि मागणीपत्रांत रुळलेला आहे. संहितेत तो नाही. सरकारी भाषेत अतिवृष्टी आहे, आणि तिचा अर्थ मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. रोज चाळीस-पन्नास मिलिमीटर असा आठवडाभर पाऊस लागला, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, तरी या व्याख्येत अतिवृष्टी झालेली नसते. ही फट बुजवायला एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' ही आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस हा तिच्या निकषांतला एक. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भात पिके पाण्याखाली गेली तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करा ही मागणी पुन्हा उठली. मुख्यमंत्र्यांचे उत्तर होते की अशी संज्ञा नियमावलीत नाही, पण टंचाईच्या वेळी ज्या सवलती दिल्या जातात त्या सगळ्या देऊ. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर झाली, तीही अतिवृष्टी आणि पूरग्रस्तांच्या नावाने. महसुलातली सूट, कर्जाचे पुनर्गठन, फीमाफी या सवलती दुष्काळाच्याच होत्या.